नेमके चार मिलिमीटर

१

पोस्टमनने नवा कृत्रिम पाय अकरा दिवस वापरला आणि बाराव्या दिवशी त्याला इस्पितळात भरती करावं लागलं. मांडीचा उरलेला भाग ज्या खोबणीत बसतो, तिच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक उंचवटा निघाला होता. बोट पोचत नाही अशा जागी. नवा जोडा चावतो तसंच असेल म्हणून बिचाऱ्याने सोसलं आणि जखम चिघळली.

ती खोबणी संगणकावर बेतली होती आत्याच्या भाचीने. आज दुपारी चार वाजता, पायांचा तो कारखाना चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाईंसमोर तिची सुनावणी होती. निकाल विरुद्ध गेला की परवाना रद्द. मग पाय राहिले बाजूला, कुणी तिला कुबडीचं रबरसुद्धा बदलू दिलं नसतं.

"आणि हे तू मला आज सकाळी नऊ वाजता सांगतेस?" आत्या म्हणाली.

"तू ओरडशील म्हणून..."

"मग आता काय गाणं म्हणू?"

आत्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या अगदी टोकाला होतं. गिऱ्हाईक दारात आलं की आधी पाटी दिसायची: 'मूर्ख प्रश्नांना उत्तर मिळणार नाही.' ही पाटी लावून तिला एकवीस वर्षं झाली होती आणि प्रश्न काही थांबले नव्हते. जगात दोनच जातीची माणसं आहेत, असं तिचं ठाम मत होतं: ज्यांना कळत नाही ती, आणि ज्यांना कळत नाही हेही कळत नाही ती. तिसऱ्या जातीची एकच व्यक्ती तिला ठाऊक होती आणि ती रोज सकाळी आरशात भेटायची.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस कुठल्या तरी वायरींबद्दल विचारत होता. "अहो, सगळ्या सारख्याच असतात!" आत्या खेकसली. "पाकिटावर लिहिलंय ना? देवाने डोळे कशाला दिलेत?" आणि तिने फोन आपटला.

"चल," ती भाचीला म्हणाली. "बघू तुझ्या कारखान्यात कोण कोण शहाणे भरलेत."

२

शहाण्यांचे मेरुमणी दारातच भेटले. ते कारखान्याचे व्यवस्थापक. तोंड उघडलं की माणूस टक्क्यांतच बोलायचा, म्हणून कामगारांनी त्याचं नाव टक्केसाहेब ठेवलं होतं.

"नियमाप्रमाणे आरोपीला स्वतःचा एक जाणकार आणता येतो," टक्केसाहेब आत्याकडे आपादमस्तक बघत म्हणाले. "तिने... तुम्हाला आणलंय. ठीक आहे. बघा काय बघायचंय ते. आमची उत्पादकता यंदा बावीस टक्के वाढली आहे, एवढं मात्र लक्षात ठेवा. दोष यंत्रणेत नाही. मुलीचं लक्ष नव्हतं, माऊसने एक बिंदू ओढला गेला, विषय संपला."

"विषय संपला, तर चार वाजता तुम्ही काय कीर्तन करणार आहात?"

साहेब हसले. माणूस मूर्ख आहे हे आत्याने तिथेच नक्की केलं. लबाड आहे की नाही, ते मात्र अजून ठरायचं होतं.

भाचीची खोली लहान होती. टेबल, स्कॅनर, पडद्यावर फिरणारा राखाडी आकार, टेबलाखाली संगणकाचा डबा. डब्याच्या बाजूला आत्याच्या दुकानाचं स्टिकर होतं: 'अडचण आल्यास फोन करा', खाली नंबर. भाचीने हौसेने लावलेलं. आत्याला जरा बरं वाटलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

"मूळ माप कुठे आहे?"

"स्कॅनरमध्येच राहतं. आणि मी केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद असते."

"मग दोन्ही मिळून जे व्हायला हवं होतं ते, आणि जे कापायला गेलं ते, शेजारीशेजारी ठेव. बिंदूगणिक."

त्या एका खोबणीत चाळीस हजार बिंदू होते. त्यांतले एकोणचाळीस हजार नऊशे नव्याण्णव जागच्या जागी होते. एकच घसरला होता.

"किती?"

"चार मिलिमीटर."

"अंदाजे नको सांगू."

भाचीने आकडा दोनदा वाचला. "चार. नेमके चार. दशांशानंतर सगळी शून्यं. आणि फक्त आडव्या दिशेला. उभा आणि खोल, दोन्ही आकडे होते तसेच आहेत."

आत्या खुर्चीवरून उठली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा उजळला.

"हे माणसाच्या हाताचं काम नाही," ती म्हणाली. "अजून किती जणांच्या पायांत असले दाणे आहेत ते बघ. लवकर."

३

महिनाभरातल्या फायलींत अजून दोन सापडल्या. एकीत बिंदू नेमका दोन मिलिमीटर सरकला होता, दुसरीत नेमका अर्धा. दोन्ही पाय अजून कपाटातच होते, गिऱ्हाइकाला दिलेले नव्हते. भाचीने ते कपाटातून काढून टेबलावर ठेवले.

"अर्धा, दोन, चार," आत्या म्हणाली. "हात थरथरला तर माणूस साडेतीन सरकवेल, चार पूर्णांक काहीतरी सरकवेल, आणि तिन्ही दिशांना थोडं थोडं सरकवेल. यंत्र आकडा ठेवतं तो दिव्यांच्या रांगेत. एकेका दिव्याची किंमत आधीच्याच्या दुप्पट: अर्धा, एक, दोन, चार, आठ. एक दिवा चुकून पेटला की आकडा तेवढ्यानेच फुगतो, कमी नाही की जास्त नाही. हे दिवे असतात रॅममध्ये. तुझी रॅम विसरभोळी झालीय."

"पण वर्षभर काही झालं नाही!"

"म्हणूनच विचारायचं, महिन्यापूर्वी काय झालं?"

रॅम तपासायचा तिचा पेनड्राइव्ह नेहमी पर्समध्ये असायचा. पण तो चालू करायला संगणकाच्या अगदी मुळाच्या सेटअपमध्ये शिरावं लागतं, आणि तिथे पासवर्ड होता. टक्केसाहेबांना बोलवावं लागलं. ते आले, कळफलकावर दुसरा तळहात आडवा धरून त्यांनी पासवर्ड टाकला.

"हा फक्त मलाच माहीत आहे," ते भाचीकडे आणि दारात उभ्या दोघातिघांकडे बघत म्हणाले. "उगाच कुणीही उठून आत शिरू नये. शिस्त म्हणजे शिस्त. आणि बघा, इथली सगळी मशीन पाकिटावर छापलेल्या पूर्ण वेगाने चालतात. आम्ही एक टक्काही वाया घालवत नाही."

"वा," आत्या म्हणाली. तिने मोबाईल काढून पडद्याचा फोटो घेतला. रॅमचा वेग: सहा हजार. खरंच, पाकिटावर छापलेला तेवढाच. त्याखाली व्होल्टेज: एक पूर्णांक बेचाळीस. पाकिटावर एक पूर्णांक पस्तीस छापलेलं असतं.

साहेबांनी फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाई आठवणीसाठी फोटो काढतेय, असं त्यांना वाटलं असावं. उंटावरच्या शहाण्याला खालचं फार दिसत नाही.

तपासणी सुरू झाली. चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर पहिली लाल ओळ उमटली.

४

लाल ओळी वाढत होत्या तेवढ्यात आत्याने देखभालीच्या कंत्राटी इंजिनिअरला गाठलं. तो चहा पीत बसला होता. दर तीन महिन्यांनी सगळे संगणक उघडून साफ करायचं काम त्याचं. गेल्या महिन्याच्या कागदावर त्याची सही होती: 'सर्व यंत्रे उघडून साफ केली.'

"काय काय उघडलंत?"

"सगळी, मॅडम."

"कशाने?"

"स्क्रू... स्क्रू ड्रायव्हरने."

"ती मशीन अंगठ्याने फिरवायच्या स्क्रूंची आहेत. ड्रायव्हर लागतच नाही."

इंजिनिअरचा कप हवेतच राहिला. मग त्याने खरं सांगितलं. सही त्याने इथेच बसून केली होती. मशीन चालू होती, मग उघडा कशाला? शिवाय त्याला सेटअपचा पासवर्ड कधी कुणी दिलाच नव्हता. साहेब देतच नाहीत.

"म्हणजे तुम्ही काहीच बिघडवलं नाही," आत्या म्हणाली. "काहीच केलं नाही तर बिघडवणार काय? तुमच्या आयुष्यात पहिल्यांदा आळस उपयोगी पडला बघा, नाव निर्दोषांच्या यादीत आलं."

मग लाल ओळींचा फोटो काढून तिने तपासणी थांबवली आणि भाचीचा डबा उघडला. इंजिनिअरने बोट लावलं नव्हतं, तरी आत लखलखाट होता. कुणीतरी मऊ कुंचल्याने कोपरान्‌कोपरा झाडला होता. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकीच्या कडेवर अंगठ्याचा फिकट पांढरा ठसा उमटलेला होता.

तिने नखाने तो खरवडला. प्लास्टर.

५

प्लास्टरकाका साच्यांच्या खोलीत होते. पस्तीस वर्षं लोकांच्या पायांचे साचे काढणारा माणूस. भुवयांपर्यंत पांढरा. आत्याला पाहून ते उभे राहिले आणि फडक्याला उगाच हात पुसत राहिले.

"मशीन तुम्ही साफ केलंत?"

"हो," काका म्हणाले. "इंजिनिअर काही उघडत नव्हता. आमच्या खोलीतली भुकटी उडते ना, पोरीच्या मशीनमधून घरघर यायची. साहेबांच्याही. म्हटलं आपणच करावं. कुंचला आपला चांगला आहे. चुकलं का काही?"

"पट्ट्या काढल्यात?"

"काढल्या. दोन्ही मशीनच्या. चारही तबकात ठेवल्या. मग लावताना आपली रीत पाळली. जुन्या पोत्यातलं अर्धं, नव्या पोत्यातलं अर्धं. एखादं पोतं खराब निघालं तर सगळा साचा वाया जायला नको. म्हणून ह्यातली एक त्यात, त्यातली एक ह्यात."

आत्याने कपाळाला हात लावला. "आणि कुणाला विचारलंत नाही?"

"विचारलं होतं. फोन करून." काकांनी मान खाली घातली. "म्हणाले, सगळ्या सारख्याच असतात."

"कोण म्हणालं? कुठला गाढव?"

"एका दुकानात केला होता. आता आठवत नाही."

आठवत नाही म्हणणारा माणूस धडधडीत खोटं बोलत होता, पण आत्याला घाई होती. साहेब अध्यक्षबाईंच्या स्वागताला फाटकावर गेले होते. ती त्यांच्या खोलीत शिरली. संगणक चालूच होता, पडद्यावर वार्षिक अहवाल: 'दररोजचे पाय: बावीस टक्के वाढ.' वेग किती आहे हे नुसतं बघायला पासवर्ड लागत नाही. तो कुणालाही दिसतो, बघणारा हवा.

तिने पाहिला. अठ्ठेचाळीसशे. म्हणजे मशीन नवं असताना जो सावध, संथ वेग धरून सुरू होतं, तोच.

मग तिने डबा उघडून पट्ट्यांवरचे क्रमांक भाचीच्या पट्ट्यांशी ताडून पाहिले. काकांनी सांगितलं ते शब्दशः खरं होतं. दोन जोड्या होत्या, दोन्ही मोडलेल्या.

"आत्या," भाची कुजबुजली, "म्हणजे काकांमुळे झालं? त्यांची पेन्शन दोन वर्षांवर आली आहे ग. मी नाही त्यांचं नाव घेणार. जाऊ दे परवाना."

"गप्प बस," आत्या म्हणाली. "काकांनी फक्त लाकडं रचली. काडी दुसऱ्याने ओढली आहे."

६

अध्यक्षबाई वयस्क होत्या आणि त्यांचा स्वतःचा डावा पाय याच कारखान्यात घडलेला होता. त्या काठी मांडीवर आडवी घेऊन बसल्या. टक्केसाहेबांनी सात मिनिटांत सात वेळा शिस्त हा शब्द वापरला. मग आत्या उभी राहिली.

तिने आधी लाल ओळींचा फोटो दाखवला, अर्धा, दोन आणि चारचा हिशेब सांगितला. भाचीच्या हाताने हे होऊच शकत नाही हे अध्यक्षबाईंना पटलं.

"मग दोष रॅमचा," साहेब चटकन म्हणाले. "निर्जीव वस्तूचा. दुर्दैव. आणि ज्याने मशीनला हात लावला, त्याचा."

"थांबा, इतक्यात हात झटकू नका," आत्या म्हणाली. "रॅमच्या पट्ट्या जोडीने विकतात. कारखान्यात दोघींना एकत्र पळवून बघतात आणि मगच पाकिटावर वेग छापतात. तो वेग जोडीचा असतो. स्टिकर सारखं असलं तरी वेगळ्या खेपेची पट्टी शेजारी आली तर ती चालते, पण संथ. पळवली की अडखळते, कधीतरी, तासाभरात एकदा. काकांनी जोड्या मोडल्या, हे खरं. पण पट्ट्या काढून बदलल्या की या मशीनला संशय येतो. ते आपणहून संथ वेगाने सुरू होतं. त्या वेगाने ही मोडकी जोडीसुद्धा वर्षानुवर्षं बिनचूक चालली असती. पोस्टमन आज पत्रं वाटत असता."

आत्याने मोबाईलवर सेटअपचा फोटो उघडून पुढे धरला.

"मग भाचीचं मशीन सहा हजारावर कसं? कुणीतरी सेटअपमध्ये शिरून ते परत पळवलं. नुसतं पळवलं नाही, व्होल्टेजही वाढवलं. पस्तीसचं बेचाळीस. हे औषध आहे, अध्यक्षबाई. रॅम अडखळते तेव्हाच देतात. ज्याला रोग माहीत नाही, तो औषध कशाला देईल? म्हणजे त्या माणसाने चुका होताना पाहिल्या होत्या."

"इंजिनिअर!" टक्केसाहेब म्हणाले.

"त्याला पासवर्ड माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. सकाळी चारचौघांत आम्हाला कुणी सांगितलं, साहेब? तळहात आडवा धरून?"

साहेबांचं तोंड उघडलं, पण त्यातून एकही टक्का बाहेर पडला नाही.

"आणि शेवटचं," आत्या म्हणाली. "इथली सगळी मशीन पूर्ण वेगाने चालतात म्हणे. एक सोडून. तुमचं. त्याच मोडक्या जोड्या, तुमच्या टेबलाखाली संथ आणि सुरक्षित, पोरीच्या टेबलाखाली पळतायत. तुमच्या मशीनवर काय होतं? पत्रं. तिच्या मशीनवर लोकांचे पाय. पत्रातलं अक्षर चुकायला नको म्हणून तुम्ही स्वतःचा उतरलेला वेग तसाच ठेवलात, आणि अहवालातले टक्के उतरायला नकोत म्हणून तिचा चढवलात."

"व्होल्टेज वाढवल्यावर दहा मिनिटं चाचणी केली होती," साहेबांचा आवाज चिरकला. "एकही चूक आली नाही. मला वाटलं झालं ठीक."

"ठीक झालं होतं, तर स्वतःचं का नाही पळवलंत?"

अध्यक्षबाईंनी काठीने टेबलावर एकदा टकटक केली. मुलीचा परवाना कायम, साहेब आजपासून घरी, आणि पोस्टमनसमोर जाऊन हे सगळं सांगायचं कामही साहेबांचंच. मग त्या काकांकडे वळल्या.

"अहवालात सगळं यायला हवं. पट्ट्या सारख्याच असतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आठवत नाही, बाई," काका म्हणाले. आणि बोलता बोलता, नकळत, त्यांची नजर आत्याकडे गेली आणि लगेच जमिनीवर आली.

आत्याला डब्यावरचं स्टिकर आठवलं. 'अडचण आल्यास फोन करा.' मग तिला एक दुपार आठवली, महिन्याभरापूर्वीची. कुणी म्हातारा माणूस, दबकत दबकत: "ताई, जरा विचारायचं होतं, ह्या रॅमच्या पट्ट्या..." त्याचं वाक्य तिने पुरं होऊ दिलं नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. म्हातारा मरेपर्यंत बोलला नसता. मघाशी ती या माणसालाही मूर्खांच्याच रांगेत उभं करून मोकळी झाली होती, आणि तो तिला वाचवायला पेन्शन पणाला लावत होता. तिला स्वतःची शरम वाटली. शेवटची कधी वाटली होती, ते तिला आठवेना.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "बाजाराच्या टोकाला एक दुकान आहे. तिथे एक अतिशहाणी बाई बसते. प्रश्न पुरा ऐकायच्या आत उत्तर देते. तिने सांगितलं."

"नाव?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझंच."

भाचीने चमकून तिच्याकडे पाहिलं. काका घाईघाईने म्हणाले, "आवाज तसाच वाटला खरा, पण खात्री नव्हती हो."

"खात्री होती तुम्हाला," आत्या म्हणाली. "मघाशी मला पाहून फडक्याला हात पुसत होतात तेव्हापासून."

सगळे पांगल्यावर काका भाचीच्या खोलीत आले. चार पट्ट्या तबकात होत्या.

"ताई, रागावणार नसाल तर विचारू का? परत कशा लावायच्या?"

आत्या जमिनीवर बसली आणि तिने त्यांना पट्ट्यांवरचे क्रमांक दाखवले. "शेवटचे आकडे बघा. हे दोन लागून आहेत, हे दोन लागून आहेत. जोडी मोडायची नाही."

"हां," काका लगेच म्हणाले. "पायांसारखंच की. एकाचा डावा दुसऱ्याच्या उजव्याबरोबर द्यायचा नाही."

त्यांनी चारही पट्ट्या अचूक उचलल्या. आत्या बघत राहिली. एवढं एक वाक्य सांगायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ त्या दुपारी तिला फोन आपटायला लागला होता.